नाकेबंदी, रसद आणि उपासमार

‘वेढा’ आणि ‘नाकेबंदी’ हे शब्द युद्धाच्या बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. वेढ्यात सैन्य शहराला घेरून बसते, नाकेबंदीत बंदरे आणि वाटा अडवल्या जातात. 1941 मध्ये सोव्हिएत संघातील लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा पडला तो वेढा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने जर्मनीची केली ती नाकेबंदी, आणि 11 नोव्हेंबर 1918 रोजी तोफा थंडावल्यानंतरही ती 1919 च्या जुलैपर्यंत उठली नाही.

मला अधिक खटकतो तो ‘शत्रूची रसद तोडली’ हा प्रयोग. रसद म्हणजे सैन्याचा दाणागोटा. त्यामुळे वाचकाला वाटते की उपाशी राहणार ते सैनिकच. लेनिनग्राडमध्ये 1941 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आघाडीवरच्या सैनिकाला दिवसाला 500 ग्रॅम पाव मिळत होता, तर मुले, आश्रित आणि कचेरीतील नोकरदार यांच्या वाट्याला 125 ग्रॅम येत होता, आणि त्यातही पेंड आणि लाकडाचा लगदा मिसळलेला असे. शिवाय ‘रसद’ या शब्दात अन्नाखेरीज तुटणाऱ्या गोष्टी सहसा ध्यानात येत नाहीत. नोव्हेंबर 2017 मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने येमेनची बंदरे बंद केली, तेव्हा डिझेलअभावी पंप थांबून काही शहरांचा शुद्ध पाणीपुरवठा बंद पडला, आणि तोही पटकीची साथ चालू असताना. अशा वेळी ‘नागरिकांचे अन्न, इंधन आणि औषधे अडवली’ असे सरळ लिहावे.

नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रात 1967 ते 1970 या युद्धकाळात मुलांची पोटे फुगली, केस तांबूस झाले, ते मुख्यतः प्रथिनांच्या अभावी, कारण बाहेरून येणारे सुके मासे नाकेबंदीमुळे येईनासे झाले होते. त्याला नुसते ‘दुष्काळ’ म्हटले, की दोष पावसावर जातो.

‘उपासमार होणे’ या प्रयोगातही कर्ता दिसत नाही. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील (पुरवणी करारातील) कलम 54 नागरिकांची उपासमार करण्याला, म्हणजे ती युद्धतंत्र म्हणून वापरण्याला, मनाई करते. तेथे उपासमार हे कुणीतरी केलेले कृत्य आहे. म्हणून अन्न अडवण्याचा हुकूम जाहीरपणे दिला गेला असेल, तर ‘उपासमार होत आहे’ असे न लिहिता हुकूम देणाऱ्याचे नाव घेऊन ‘उपासमार करत आहे’ असेच लिहावे.