फरशीचा दर, खोलीचं भाडं आणि बाहेरून आलेली माणसं

फरशीवाला (धागाकर्ता)

२२ वर्षं नाशकात फरशी बसवतोय. गाव चांदवड तालुक्यात, पण आता सगळं इथेच. परवा एका चॅनेलवर चर्चा ऐकली. बाहेरून येणाऱ्या मजुरांमुळे स्थानिकांचं काहीच नुकसान होत नाही, असं एक प्राध्यापक ठासून सांगत होते. ते ऐकून झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात पाथर्डी फाट्याकडच्या एका इमारतीचं काम आलं. आठ मजले, दोन बाय चारची फरशी. मी फुटाला २४ रुपये सांगितले, स्कर्टिंग (भिंतीच्या कडेची पट्टी) वेगळी. ठेकेदार म्हणाला, उद्या कळवतो. उद्या गेलो तर गोरखपूरकडची सात पोरं कामाला लागलेली. दर १५, स्कर्टिंग त्यातच. तिथेच झोपतात, तिथेच खिचडी शिजवतात, रात्री हॅलोजन लावून दहापर्यंत काम. काम वाईट म्हणावं तर तेही नाही. मी दोरी धरून पाहिलं, सांधे सरळ होते.

मला १५ ला का परवडत नाही? कारण माझं बिऱ्हाड इथे आहे. दोन मुलांची शाळा, गॅस, पेट्रोल, सगळं नाशिकच्या भावानं. त्यांचं बिऱ्हाड गोरखपूरच्या भावानं चालतं. तो फरक माझ्या दरातून कापला जातो. चुंचाळ्यात ११ वर्षं ज्या खोलीत होतो, तीही दोन वर्षांपूर्वी सोडावी लागली. मालकाला माणशी भाडं देणारी पाच पोरं मिळाली.

त्या पोरांवर माझा राग नाही. पण नुकसान होत नाही, असं मला कुणी सांगू नये. उद्योगांत ८० टक्के स्थानिक घ्यायचे, असं सरकारचं धोरण कागदावर कधीपासून आहे. ते बांधकामाच्या ठेकेदारांनाही लावा, एवढीच मागणी आहे. बाकीच्यांना काय वाटतं?

दिंडोरी शिवार

दादा, तुमचं दुःख कळतं, पण दुसरी बाजू माझ्या बागेत येऊन बघा. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफुटी म्हणजे घड नसलेले फुटवे काढा, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी कापणं. मणी ज्वारीएवढे असताना विरळणी झाली तर झाली. एकदा ते वाटाण्याएवढे होऊन एकमेकांत अडकले की कात्री घडात शिरत नाही आणि तो माल एक्स्पोर्टला जात नाही. हातात असतात मोजके दिवस. पूर्वी पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या यायच्या. आता त्यातल्या निम्म्या दुसरीकडे जातात. गावातली पोरं सातपूरला कंपनीत जातील, मोबाइलच्या दुकानात बसतील, पण कात्री धरणार नाहीत. पॅकहाउसमध्ये बिहारची मुलं आली नसती तर गेल्या दोन हंगामांत माझा माल झाडावरच राहिला असता.

२०२० आठवा. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची गाडी सुटली. राज्यातून सुटलेली ती पहिली. त्याआधी महिनाभर हायवेनं डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. ती गेली तेव्हा त्यांच्या जागी किती स्थानिक उभे राहिले?

फरशीवाला

तेव्हा सगळंच बंद होतं, उभं राहायला काम कुठे होतं? आणि 'मजूर मिळत नाही' या वाक्यात पुढचे दोन शब्द नेहमी गाळलेले असतात: 'या दरात'. दर वाढवून बघितलात का?

दिंडोरी शिवार

वाढवला. दोनदा वाढवला. द्राक्षाचा दर व्यापारी ठरवतो, मजुरीचा टोळी ठरवते, मी मधे. याच्यावर वाढवायचा तर बाग तोडून मका लावावा लागेल. मग ना तुमच्या माणसाला काम, ना त्यांच्या.

पिंपळगाव बाजार

या दोघांच्या वादात अमेरिकेतलं एक उदाहरण अगदी फिट बसतं. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायला मेक्सिकोचे मजूर यायचे, 'ब्रासेरो' म्हणत त्यांना. १९४२ ते १९६४ ही व्यवस्था चालली. मग सरकारनं ती बंद केली, आपल्या माणसांची मजुरी वाढावी म्हणून. तीन अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये त्याचा हिशेब मांडला, तर ज्या राज्यांतून हे मजूर गेले तिथे स्थानिकांच्या मजुरीत वेगळी अशी वाढ दिसलीच नाही. बागायतदारांनी यंत्रं आणली. यंत्रात न फुटणारा टणक टोमॅटो लावला. जिथे यंत्र चालेना तिथे पीकच कमी केलं.

आपल्या पिंपळगावच्या बाजारात येणारा टोमॅटो अजून हातानं तोडलेला असतो. माणसं हटवली की हात महाग होतील, असं गृहीत धरू नका. हातच नको, असंही होऊ शकतं.

गोदाकाठ

फरशीला अजून यंत्र आलेलं नाही, म्हणून ते उदाहरण धागाकर्त्याला लागू नाही. आणि अमेरिकेतलंच बोलायचं तर पूर्ण बोला. १९८० मध्ये क्यूबातून सव्वा लाख माणसं काही महिन्यांत फ्लोरिडात उतरली. मायामी शहरातले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या मजुरीवर जवळपास काहीच परिणाम झाला नाही. त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, टीव्हीवरचे प्राध्यापक बहुधा त्यावरच बोलत असतील. पण जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. फक्त शाळा अर्धवट सोडलेले पुरुष वेगळे काढले, तर त्यांची मजुरी १० ते ३० टक्के घसरलेली दिसली. त्यावरही वाद झाला, नमुना फार लहान आहे म्हणून. तो अजून मिटलेला नाही.

मला त्यातून एवढंच दिसतं: शहराची सरासरी काढली की फरशीवाला त्या सरासरीत बुडून जातो. बिल्डरला स्वस्त पडलं, फ्लॅट घेणाऱ्याला थोडं स्वस्त पडलं, खानावळवाल्याची गिऱ्हाइकं वाढली. बेरीज अधिक येते, पण ज्याचं गेलं त्याला त्या बेरजेतून कुणी काही आणून देत नाही.

फरशीवाला

हेच मला म्हणायचं होतं, मांडता येत नव्हतं.

सातपूर पहिली पाळी

दुखणं बरोबर आहे, रोगाचं नाव चुकतंय. ३१ वर्षं कंपनीत काढली, त्यातली १४ युनियनमध्ये. एकाच लाइनवर, एकाच मशीनवर परमनंट आणि कंत्राटी शेजारी उभे. पगारात दुपटीहून जास्त फरक. ठेकेदाराला बाहेरचा माणूस का आवडतो? तो स्वस्त आहे म्हणूनच नाही. त्याला दशक्रियेला गावी जायचं नसतं, गेटवर चार नातेवाईक आणता येत नाहीत, युनियनची पावती फाडायची भीती वाटते. राहण्याची जागा ठेकेदाराची, किराणा ठेकेदाराच्या ओळखीचा. काम सोडलं की छप्परही गेलं.

परराज्यातल्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा झाला, २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत तो लागू होता. पाच किंवा जास्त मजूर आणणाऱ्या ठेकेदारानं परवाना घ्यायचा, त्यांना स्थानिकांएवढाच पगार द्यायचा, वर विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च. तो नीट पाळला असता तर बाहेरचा माणूस स्वस्त पडलाच नसता, उलट महाग पडला असता! तुमचे २४ आणि त्यांचे १५ यांच्यात जे ९ रुपये आहेत, ते न पाळलेल्या कायद्याचे आहेत.

फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन झालं, मारहाणीच्या भीतीनं हजारो लोक नाशिक सोडून गेले. अंबड-सातपूरला कामं अडली. आमच्या कंत्राटी मराठी पोरांचा पगार वाढला का? नाही. ओव्हरटाइम वाढला, तोही सिंगल रेटनं. महिन्या-दोन महिन्यांत तेच ठेकेदार, नवी माणसं.

कसमादे

कायदे पाळले असते तर, पाळले असते तर... ४५ वर्षं पाळले नाहीत, आता पाळणार? तोवर स्थानिकानं काय करायचं? आणि फक्त कामाचं नाही. रेशन आपलं, सिव्हिल हॉस्पिटलची रांग आपली, पाणी आपलं. पाणी तर आधीच अपुरं. सवलती वाटून घ्यायला सगळे, कर भरायला आपण.

गंगापूर रोडची मेघना

कसमादे, एकेक बघू. 'एक देश एक रेशन कार्ड'वर माणूस जे धान्य उचलतो ते त्याच्या स्वतःच्या कार्डावरचं, माणशी पाच किलो. नाशकात उचललं तर गावाकडे तेवढं कमी होतं. ते केंद्राचं धान्य आहे, तुमच्या-माझ्या कार्डातून कापलेलं नाही. लाडकी बहीणला महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा लागतो, काल आलेल्या बाईला ते दीड हजार मिळत नाहीत.

बांधकाम मजुरांचं तर उलटंच आहे. इमारतीच्या खर्चावर १ टक्का उपकर कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. त्या सात पोरांनी बसवलेल्या फरशीवरही. पण मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. दर दोन महिन्यांनी साइट बदलणाऱ्या पोराला तो कोण देणार? पैसा त्यांच्या कामातून जमतो आणि लाभ त्यांना मिळत नाही.

सिव्हिलची रांग मात्र खरी आहे आणि पाणीही. ते मी नाकारत नाही.

फरशीवाला

मेघनाताई, तो दाखला मलाही मिळत नाही. ठेकेदार सही करत नाही. २२ वर्षं झाली, माझीही नोंदणी नाही.

अंबडची वैशाली

मी खोल्यांबद्दल लिहिते, कारण आम्ही त्या भाड्यानं देतो. लोकांना आवडणार नाही, तरी लिहिते.

सासऱ्यांची जमीन एमआयडीसीत गेली. मिळालेल्या पैशांत दोन लग्नं झाली आणि उरल्यात दहा बाय बाराच्या नऊ खोल्या. आमचं घर त्या नऊ खोल्यांवर चालतं. आधी कुटुंबांनाच द्यायचो. कुटुंब साडेतीन हजार द्यायचं, त्यातही दिवाळीत एक महिना मागेपुढे. मग ठेकेदार आला. म्हणाला, पाच माणसं ठेवतो, माणशी बाराशे, आगाऊ. म्हणजे सहा हजार. मी हो म्हटलं.

पाच माणसांची एक मोरी, नऊ खोल्यांना मिळून तीन संडास. सकाळी साडेपाचपासून बादल्या ओळीत लागतात. रात्रपाळीचे सकाळी येऊन झोपतात त्याच चादरीवर, ज्यावरून दिवसपाळीचे उठून गेले. माझ्या मुलीनं एकदा विचारलं, आई, त्या खोलीचा पंखा कधीच बंद होत नाही का? नाही होत.

भाडं त्या पोरांनी वाढवलं नाही. आम्ही वाढवलं. धागाकर्त्यांची चुंचाळ्याची खोली माझ्यासारख्याच कुणीतरी काढून घेतली असणार. माझ्या गल्लीत सगळे खोलीमालक मराठीच आहेत.

कसमादे

ताई, मग तुम्हीच कुटुंबांना परत द्या की साडेतीन हजारात.

अंबडची वैशाली

एकटीनं दिली तर माझे खोलीमागे महिन्याचे अडीच हजार गेले, गल्लीतलं भाडं तेच राहिलं. एक खोली आम्ही कुटुंबासाठीच ठेवलीय, त्याहून जास्त झेपत नाही. खरं सांगायचं तर कामगारांसाठी घरं शहरानं बांधायला हवी होती. सिडकोनं एके काळी इथे छोटी घरं बांधली, त्यात कंपन्यांतले किती कामगार मालक झाले. आज पाथर्डीकडे टू बीएचकेखाली कुणी काही बांधतच नाही.

मी सुरगाण्याचा

सगळं वाचलं. दिंडोरीच्या काकांनी लिहिलंय की सुरगाण्याच्या टोळ्या दुसरीकडे जातात. जातो आम्ही, गुजरातला. दिवाळी झाली की सुरत, नवसारीकडे ऊसतोडीला. माझे आईवडील १७ हंगाम गेले, मीही चार हंगाम पाचटात वाढलो.

तिथे आम्ही परप्रांतीय. तिथले शेतमजूर म्हणायचे, हे डोंगरातले येतात म्हणून आम्हाला भाव मिळत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. पण आम्ही कमी दरात का जायचो, ते सांगतो. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा, तेव्हा मुकादम उचल द्यायचा. उचल घेतली की दर आधीच ठरला. तिथे पोहोचल्यावर कोयता खाली ठेवून 'परवडत नाही' म्हणायची सोय नाही, कारण आधीचे पैसे फिटलेले नसतात. फरशीवाले दादा, त्या सात पोरांना विचारून बघा उचल घेतलीय का.

नाशकात पेठ नाक्याला उभं राहिलो तर तिथेही कुणी म्हणतं, हे आदिवासी कमी पैशात जातात. जिल्हा एकच आहे. मग ८० टक्क्यांत मी स्थानिक धरायचा की नाही?

फरशीवाला

धरायचाच. त्यात प्रश्न नाही.

गोदाकाठ

८० टक्क्यांबद्दल एक अडचण. हरियाणानं ३० हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक घेण्याचा कायदाच केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. कलम १९ नं देशात कुठेही राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क दिलाय. आपल्याकडे ८० टक्के हे सरकारी धोरण आहे. ठेकेदारांवर सक्ती करायला गेलात तर तेही कोर्टात जाईल.

कसमादे

म्हणजे स्थानिकानं काहीच मागायचं नाही.

सातपूर पहिली पाळी

मागायचं, पण दर मागायचा. माणूस कुठलाही असो, फरशी २० च्या खाली बसणार नाही. सिंहस्थाची कामं सुरू आहेत, रस्ते, घाट, पूल, सगळीकडे माणसं हवीत. दर बांधून घ्यायला याहून चांगली वेळ पुन्हा १२ वर्षांनी येईल.

फरशीवाला

चार दिवसांनी लिहितोय. सुरगाण्याच्या भावानं सांगितलं म्हणून साइटवर गेलो होतो. त्यातला एक पोरगा बोलला, बाकीचे गप्प. उचल घेतलीय, प्रत्येकी वीस हजार. १५ मधले ३ त्यांना घेऊन आलेला माणूस कापतो. हातात १२. इथला दर २४ आहे, हे त्याला माझ्याकडूनच कळलं. त्यानं दोनदा विचारलं, चौबीस?

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. स्थानिकाला आधी काम मिळायला हवं, हे मी अजूनही म्हणतो. पण रविवारी नाक्यावर आम्ही १४ फरशीवाले बसणार आहोत दर ठरवायला, आणि त्या सातांनाही बोलावलंय. किती येतात बघू. ठरल्यानंतर कुणी २० च्या खाली काम घेतलं, मग तो गोरखपूरचा असो की चांदवडचा, तर मी गप्प बसणार नाही.

कसमादे

ते सात येणार नाहीत. आलेच तर पुढच्या महिन्यात ठेकेदार दुसरे सात आणेल.

मी सुरगाण्याचा

आणेलही. रविवारी किती वाजता बसताय? पेठ नाक्यावरचे आमचे दोघं फरशी शिकलेत, त्यांना घेऊन येतो.