न्यायाधीशालाच वर्णभेद दिसला, तरी ज्युरी कायम कशी राहिली?

शहानिशा

अहमॉड आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाला तीन गोऱ्यांनी मारल्याच्या खून खटल्यातली (अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, २०२१) ज्युरी निवड, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांची (ज्युररची) निवड, वाचतेय आणि एका ठिकाणी गाडं अडलंय. तिथल्या ग्लिन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) कृष्णवर्णीय लोकसंख्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त. हजारेक लोकांना समन्स गेली. चाळण होऊन शेवटच्या यादीत बारा कृष्णवर्णीय उरले, त्यातले अकरा आरोपींच्या वकिलांनी वगळले. बसली ती ज्युरी अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय. न्यायाधीश भर कोर्टात म्हणाले की हेतुपुरस्सर भेदभाव झालेला दिसतोय, आणि पुढच्याच दमात तीच ज्युरी कायम ठेवली!

हे कायद्यात बसतं कसं? दुसरं म्हणजे, घटनेचा व्हिडिओ देशभर फिरला होता. सगळं आधीच पाहिलेल्या लोकांतून निष्पक्ष ज्युरर निवडायचा म्हणजे नक्की काय तपासतात? मतांची मारामारी नको, प्रक्रिया कळली तर बरं.

दप्तरी दाखल

आधी एक फरक. वगळणी दोन प्रकारची असते. सकारण वगळणीत ‘हा माणूस निष्पक्ष राहू शकत नाही’ हे वकिलाने दाखवायचं आणि न्यायाधीशाने मान्य करायचं. हिला संख्येची मर्यादा नाही. बिनकारण वगळणीत कारण न सांगता नाव काटता येतं, पण कोटा ठरलेला असतो. फेडरल (केंद्रीय) कोर्टात साध्या फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या, खटल्यात सरकार पक्षाला ६ आणि बचावाला १०, मृत्युदंडाची मागणी असेल तर दोघांना २०-२०. राज्यांचे आकडे आपापले. वर्णाचा घोळ मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात होतो.

त्यावरचा नियम बॅट्सन वि. केंटकी (१९८६) या निकालाचा. तिथे सरकारी वकिलाने यादीतले चारही कृष्णवर्णीय काटले होते. त्याआधी स्वेन (१९६५) निकालामुळे आरोपीला दाखवावं लागे की सरकारी वकील खटल्यामागून खटल्यात हेच करतोय. ते आकडे आरोपी आणणार कुठून? बॅट्सनने एकाच खटल्यातला पुरावा पुरेसा ठरवला आणि तीन पायऱ्या घालून दिल्या. हरकत घेणाऱ्याने प्रथमदर्शनी संशय दाखवायचा, समोरच्याने वर्णाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं, आणि मग ते कारण खरं की बहाणा हे न्यायाधीशाने ठरवायचं.

भोक दुसऱ्या पायरीत आहे. पर्केट वि. एलेम (१९९५) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की या टप्प्यावर कारण पटण्याजोगं असलंच पाहिजे असं नाही, ते वर्णाशी जोडलेलं नसलं की झालं. त्या खटल्यात कारण होतं लांब विस्कटलेले केस आणि दाढी-मिशा. ते चाललं. मग सगळा भार तिसऱ्या पायरीवर, आणि तिथे न्यायाधीशाला त्याच्यासमोर रोज उभ्या राहणाऱ्या वकिलाला जवळजवळ खोटारडा म्हणावं लागतं. कोण म्हणतो?

आर्बरी खटल्यात हरकत सरकार पक्षाने घेतली होती. मॅकॉलम (१९९२) निकालापासून बॅट्सन बचाव पक्षालाही लागू आहे, म्हणजे तो रस्ता होता. पण वकिलांनी प्रत्येक नावासाठी काही ना काही कारण पुढे केलं आणि जॉर्जियाच्या कायद्यात वर्णनिरपेक्ष कारण आल्यावर आपले हात बांधलेले आहेत, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. म्हणजे भेदभाव दिसला पहिल्या पायरीवर आणि सुटला पुढच्या पायऱ्यांवर. पुढे तिन्ही आरोपी दोषी ठरले. त्यावरून निवड बरोबर होती असं मात्र म्हणता येत नाही.

उलटतपास

वरच्या प्रतिसादाला कोर्टातली बाजू जोडतो, कारण बॅट्सनच्या हरकती कायद्यापेक्षा नोंदीत जास्त मरतात.

उताऱ्यात, म्हणजे कोर्टातल्या बोलण्याच्या शब्दशः नोंदीत, ज्युररचा वर्ण दिसत नाही. ‘ज्युरर क्रमांक १४ वगळला’ एवढंच टाइप होतं. वकिलाने तोंडाने बोलून, किंवा प्रश्नावलीतलं उत्तर जोडून, कोण कोण कृष्णवर्णीय होते हे रेकॉर्डवर आणलं नाही तर अपील कोर्टापुढे हरकत लंगडी पडते. कोर्टरूममधल्या प्रत्येकाला दिसत होतं हे तिथे उपयोगाचं नाही. हरकत बहुतेक ठिकाणी ज्युरीचा शपथविधी होण्याआधीच घ्यावी लागते. न्यायाधीशाच्या मंचाशी जाऊन कुजबुजत घेतली आणि लघुलेखक तिथे नसेल, तर ती घेतलीच नव्हती असं समजा.

मग तुलना. दिलेलं कारण ठेवून घेतलेल्या गोऱ्या ज्युररलाही लागू पडतं का, हे नावानिशी मांडायचं. मिलर-एल वि. ड्रेटकी (२००५) पासून ही पद्धत पक्की झाली. फॉस्टर वि. चॅटमन (२०१६) या प्रकरणात एका कृष्णवर्णीय बाईला काटताना कारण दिलं होतं की ती ३४ वर्षांची, म्हणजे १९ वर्षांच्या आरोपीच्या वयाच्या फार जवळची. प्रत्यक्षात ३६ च्या आतले आठ गोरे उमेदवार सरकारी वकिलाने काटले नव्हते, त्यातला एक तर २१ चा होता. ती घटस्फोटित आहे हेही कारण होतं. चार घटस्फोटित गोऱ्यांपैकी तिघे मात्र चालले. शिवाय माहिती-हक्काच्या कायद्याखाली सरकार पक्षाचे कागद बाहेर आले. ज्युररच्या यादीत कृष्णवर्णीयांच्या नावांवर हिरवा मार्कर फिरवलेला, कोपऱ्यात त्या रंगाचा अर्थही लिहून ठेवलेला. खटला १९८७ चा, दाद मिळाली २०१६ ला. असे कागद हाती लागणं हा अपवादच, म्हणून तुलनेवर भर द्यायचा.

तिसरी खूण म्हणजे प्रश्नांची संख्या. फ्लॉवर्स वि. मिसिसिपी (२०१९) मध्ये एकाच आरोपीवर सहा खटले चालले, सरकारी वकील प्रत्येक वेळी तोच. सहा खटले मिळून बिनकारण वगळता येण्याजोग्या ४२ कृष्णवर्णीयांपैकी ४१ काटले. सहाव्या वेळी काटलेल्या पाच कृष्णवर्णीयांना मिळून १४५ प्रश्न, आणि निवडलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. खोदत राहिलं की कुणाच्याही उत्तरांत विसंगती सापडते, आणि मग तीच ‘वर्णनिरपेक्ष’ कारण म्हणून पुढे येते. उतारा वाचताना प्रत्येक ज्युररपुढे प्रश्नांचा आकडा लिहीत चला. कंटाळवाणं काम आहे, पण पुरावा त्यातच असतो.

काठावरचा

माध्यमांचा भाग मी घेतो.

बातमी वाचली म्हणून ज्युरर बाद होत नाही. अर्विन वि. डाउड (१९६१) पासूनची कसोटी अशी की ऐकलेलं बाजूला ठेवून फक्त कोर्टातल्या पुराव्यावर निर्णय देता येतो का. त्याच खटल्यात ४३० जणांपैकी २६८ जणांना पक्कं मत बनल्यामुळे सोडावं लागलं, तरीही बसलेल्या बारापैकी आठ जण आरोपी दोषीच आहे असं मानत होते. सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. रिडो वि. लुइझियाना (१९६३) त्याहून टोकाचं. आरोपीची शेरिफसमोरची (काउंटीच्या पोलीसप्रमुखासमोरची) कबुली, सुमारे २० मिनिटांची फिल्म, स्थानिक टीव्हीवर तीनदा दाखवली गेली. तिथे कोर्टाने ज्युररना काय विचारलं हे पाहिलंदेखील नाही, पूर्वग्रह गृहीतच धरला. असं गृहीत धरणं आज फार विरळा.

चुकतं ते प्रश्न विचारण्यात. ‘तुम्ही वाचलेलं बाजूला ठेवू शकाल ना?’ या प्रश्नाला शंभरातले नव्वद ‘हो’ म्हणतील. भर कोर्टात न्यायाधीशाच्या तोंडावर ‘नाही, मला जमणार नाही’ म्हणायला कोण धजावतो? म्हणून करायचं ते असं. आधी लेखी प्रश्नावली: या प्रकरणाबद्दल काय ऐकलं, कुठे ऐकलं, तुमच्या शब्दांत लिहा. मग ज्यांनी बरंच काही लिहिलंय त्यांना एकेकट्याला बोलवून विचारायचं, इतरांसमोर नाही. कारण एकाने ‘त्याने कबुली दिली होती म्हणे’ असं खुल्या कोर्टात म्हटलं की ज्यांना माहीत नव्हतं त्या सगळ्यांना ते कळलं.

यातली मेख अशी की काय वाचलं हे प्रत्येकाला विचारण्याचा घटनात्मक हक्क आरोपीला नाही (मूमिन वि. व्हर्जिनिया, १९९१). बोस्टन मॅरेथॉन स्फोटाच्या खटल्यात याच मुद्द्यावर अपील कोर्टाने २०२० मध्ये मृत्युदंड रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तो परत आणला. न्यायाधीशाच्या मर्जीवर बरंच काही आहे, आणि ते मला खटकतं.

वर्णाबद्दल विचारायचं तर आंतरवर्णीय गुन्ह्यात मृत्युदंडाची शक्यता असेल तेव्हा बचावाने मागणी केल्यास विचारावंच लागतं (टर्नर वि. मरे, १९८६). इतरत्र ते परिस्थितीवर. ‘तुम्ही वर्णद्वेष्टे आहात का’ याला काही अर्थ नाही. ‘तुमच्या राहत्या भागात पोलिसांचं वागणं कसं असतं’ यातून जास्त कळतं.

वर्ण आणि बातम्या एकत्र आल्या की काय होतं याचं ठळक उदाहरण १९८९ चं न्यूयॉर्कमधलं सेंट्रल पार्क प्रकरण, धावायला गेलेल्या एका तरुणीवरच्या बलात्काराचं. आरोपी होती १४ ते १६ वयाची पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं. खटल्याआधीच वृत्तपत्रांतून त्यांना लांडग्यांच्या कळपासारखं रंगवलं गेलं, आणि मृत्युदंड परत आणा अशी पानभर जाहिरात न्यूयॉर्कच्या चार वृत्तपत्रांत डोनाल्ड ट्रम्प यांनी दिली. घटनास्थळी मिळालेला डीएनए त्या पाचपैकी कुणाशीही जुळत नव्हता, तरी शिक्षा कबुलीजबाबांवर झाली. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि डीएनए जुळल्यावर त्या शिक्षा रद्द झाल्या. इथे नुसती ज्युरीची चाळण नीट करून भागलं नसतं. जबाब कसे घेतले गेले हा वेगळा धागा होईल.

शहानिशा

तिघांचे आभार. प्रश्नांच्या आकड्यांची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नसती. आता दोन उपप्रश्न. गावात बोभाटा झाला असेल तर खटला दुसऱ्या काउंटीत हलवणं सोपं नाही का? आणि बिनकारण वगळणीच एवढी डोकेदुखी असेल तर ती काढूनच का टाकत नाहीत?

दप्तरी दाखल

हलवता येतो, पण काउंटी बदलली की ज्युरीची लोकसंख्याही बदलते. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांचा खटला प्रसिद्धीमुळे लॉस एंजलिसमधून व्हेंचुरा काउंटीतल्या सिमी व्हॅलीत नेला. तिथल्या ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. २९ एप्रिल १९९२ ला जवळपास सगळ्या आरोपांतून सुटका झाली आणि लॉस एंजलिस पेटलं. राष्ट्रीय वाहिन्यांवर गाजलेली बातमी शेजारच्या काउंटीतही तेवढीच पोहोचलेली असते, त्यामुळे प्रसिद्धीचा प्रश्नही सुटला असं नाही. अर्ज करण्याआधी नव्या काउंटीची लोकसंख्या पाहिली पाहिजे, आणि खटला हलवण्याऐवजी ज्युरर बाहेरून आणता येतात का हेही.

माझ्या मते प्रसिद्धी खटल्याच्या मध्येच उसळली तर पुन्हा विचारणं हा जास्त नेमका उपाय. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा खून करणारा पोलीस डेरेक शॉविन याच्या खटल्यात (मिनियापोलिस, २०२१) ज्युरी निवड चालू असताना शहराने फ्लॉइडच्या कुटुंबाशी २.७ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. न्यायाधीशांनी आधीच निवडलेल्या सात जणांना परत बोलावून विचारलं आणि दोघांना सोडलं.

उलटतपास

काढून टाकलीच आहे एका राज्याने. अॅरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून बिनकारण वगळणी नाही. मी त्या बाजूचा नाही. सकारण वगळणी न्यायाधीशाने नाकारली की आरोपीकडे शेवटचा आधार हाच उरतो. आणि ‘पोलिसांवर विश्वास नाही’ म्हणणारा कृष्णवर्णीय ज्युरर सकारण वगळणीतूनही सहज बाहेर पडतो. नुसतं दार बदलतं.

वॉशिंग्टन राज्याचा सामान्य नियम ३७ (२०१८) मला जास्त कामाचा वाटतो. त्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही. वस्तुनिष्ठ निरीक्षकाला वर्ण हा एक घटक वाटू शकेल का, एवढंच पाहायचं. शिवाय काही कारणं मुळातच संशयास्पद ठरवली आहेत: पोलिसांशी पूर्वी संबंध आलेला असणं, पोलिसांवर अविश्वास, जास्त गुन्ह्यांच्या वस्तीत राहणं, सरकारी मदत घेणं, इंग्रजी मातृभाषा नसणं. ‘ज्युरर डुलक्या घेत होता’ किंवा ‘नजर मिळवत नव्हता’ म्हणायचं असेल तर ते वेळीच न्यायाधीशाच्या लक्षात आणून द्यावं लागतं, म्हणजे त्याची खातरजमा होते. कॅलिफोर्नियाने फौजदारी खटल्यांसाठी असाच कायदा २०२२ पासून लागू केला.

काठावरचा

अॅरिझोनाबद्दल माझं मत उलटं आहे, पण तो वाद इथे नको. एक राहून गेलेलं सांगतो. ज्युरीच्या बंद खोलीत कोणी वर्णावरून बोललं तर पूर्वी ते निकालानंतर उकरताच येत नसे. पेन्या-रॉड्रिगेझ वि. कोलोरॅडो (२०१७) ने अपवाद केला. आरोपी मेक्सिकन आहे म्हणूनच त्याने हे केलं, असं एक ज्युरर म्हणाल्याचं दोन सहकाऱ्यांनी बचावाच्या वकिलाला सांगितलं, आणि ती शपथपत्रं विचारात घ्यावी लागतील असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं. अट अशी की वक्तव्य उघड असावं आणि दोषी ठरवण्यामागे वर्णद्वेष हे मोठं कारण होतं असं त्यातून दिसावं. उडतउडत मारलेला शेरा पुरत नाही. आणि बऱ्याच फेडरल कोर्टांत निकालानंतर ज्युररशी बोलायला वकिलाला परवानगी लागते, म्हणून तो अर्ज निकालाच्या दुसऱ्या दिवशीच टाकलेला बरा. नव्या खटल्याच्या मागणीची मुदत अनेक ठिकाणी फक्त काही आठवड्यांची असते.