आरपीएम चढतो, पण जेट स्की पळत नाही
आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग) चढतो पण जेट स्की वेग घेत नाही, असं इथे एकाने विचारलंय आणि त्यावर स्पार्क प्लग बदलायचा सल्ला आलाय. कृपया आधी तो खर्च करू नका. इंजिन मोकळं फिरतंय म्हणजे त्यात ताकद आहे, ती पाण्यापर्यंत पोचत नाहीये.

इंजिन बंद करून, सेफ्टी कॉर्ड (जी काढली की इंजिन सुरूच होत नाही ती दोरी) काढून, मगच खालची पाणी खेचणारी जाळी तपासा. मालवण-तारकर्लीकडे तिथे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्या अडकतात. शाफ्टला (इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या फिरत्या दांड्याला) अशा घट्ट बसतात की सुरीने कापूनच काढाव्या लागतात. काही नाही निघालं, तर टॉर्च मारून इम्पेलरच्या (पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याच्या) कडा बघा. वाळूने त्या झिजतात आणि भोवतीच्या वेअर रिंगवर (इम्पेलरभोवतीच्या कड्यावर) चरे पडतात. दोघांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. तुमच्या मॉडेलच्या मर्यादेपेक्षा जास्त झाली असेल तर रिंग बदलाच. गुडघाभर पाण्यात इंजिन चालू करणं हेच या झिजेचं मूळ. कमरेएवढं पाणी हवंच.

गोड्या पाण्याने फ्लश करताना (इंजिन आतून धुताना) मात्र आधी इंजिन चालू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम उलटा झाला तर एक्झॉस्टमधून (धूर बाहेर जाण्याच्या वाटेने) पाणी सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं, आणि ती दुरुस्ती फार महाग पडते.