पायऱ्या आठ आहेत हो!

नौपाड्याचा_नाना
परवा इथे कुणीतरी ठाण्यातल्या प्रदर्शनातल्या त्या स्वप्नचित्राचा फोटो टाकला, ते आभाळातून उलटं लटकलेलं झाड, खाली काळं पाणी, पानावर झोपलेलं पोर, एक पक्षी आणि चंद्रात शिरणारा जिना. फोटोखाली यादी! झाड म्हणजे संसार, पोर म्हणजे आत्मा, पक्षी म्हणजे हंस म्हणजे विवेक, सात पायऱ्या म्हणजे सात चक्रं, निळा रंग म्हणजे शांती, आणि वर 'घरात लावलं की सकारात्मक ऊर्जा येते'. दोन दिवस गप्प बसलो. अहो हे चित्र आहे की दहावीचं गाईड? उलटं झाड गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं, मान्य. पण पुढे वाचा की, ते झाड असंगाच्या, म्हणजे अनासक्तीच्या शस्त्राने तोडायचंय, हॉलमध्ये टांगायचं नाहीये. आणि ते पोर! मार्कंडेयाची गोष्ट आहे ती. प्रलयात सगळं बुडालंय, हा एकटा पाण्यात गटांगळ्या खातोय, आणि समोर वडाच्या पानावर एक बाळ पायाचा अंगठा चोखत पडलंय. बाळाच्या श्वासाबरोबर हा आत ओढला जातो तर पोटात अख्खं जग जसंच्या तसं, डोंगर नद्या माणसं सगळं, आणि मग उच्छ्वासाबरोबर पुन्हा बाहेर त्याच पाण्यात. अंगावर काटा येतो. ह्याला शांती म्हणता? शिवाय पायऱ्या मी समोर उभं राहून मोजल्यात. आठ आहेत.

ऐरोलीची_माई
ती पोस्ट माझी. गाईड तर गाईड. लोक चित्रासमोर सेल्फी काढून पुढे जातात, माझी यादी वाचून सून दुसऱ्यांदा बघायला गेली, तुमच्या मार्कंडेयाने कोण गेलं? ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, मी त्या जिन्यासमोर अर्धा तास उभी होते, तो वर कुठेतरी पोचतो एवढंच मला पुरतं. आणि आठवी पायरी पाण्यातलं प्रतिबिंब आहे. चष्मा लावून जा.

खाडीकाठचा
भांडा तुम्ही, पण तो हंस नाही, फ्लेमिंगो आहे. चोच बघा, मधेच वाकलेली. आमच्या खाडीतला रोहित. तो डोकं उलटं करून चिखलपाणी गाळून खातो. उलट्या झाडाखाली उलटं खाणारा पक्षी, चित्रकाराला कळतंय काहीतरी. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तरी खाडीत भराव चालूच, त्यावर धागा काढा कुणीतरी.

घोडबंदर_ग्रस्त
'घरात लावलं की ऊर्जा' वरून आठवलं. आमच्या वास्तुशांतीला सात पळत्या घोड्यांचं चित्र आलं. एक नाही, तीन. म्हणजे एकवीस घोडे टू बीएचकेत. मेव्हणा म्हणतो पूर्वेला लावा, शेजारी म्हणतो दक्षिणेला, दक्षिणेला आमचं बाथरूम आहे. लावलं शेवटी. प्रमोशन राहिलं बाजूला, रोज गायमुखला ट्रॅफिकमध्ये दीड तास बसतो. घोडबंदर, नावातच घोडे आणि हलत काही नाही.

वास्तूवाले_काका
थट्टा सोपी असते. मी 2019 ला दुकानात लावलं, त्याच दिवाळीत उधारी वसूल झाली. ज्याला विश्वास नाही त्याने लावू नये, दुसऱ्याच्या श्रद्धेवर पचकू नये.

नौपाड्याचा_नाना
काका, श्रद्धा कसली, फ्रेमवाल्याचा कॅटलॉग आहे तो. सात घोडे सूर्याच्या रथाचे, आणि ते म्हणजे वेदातले सात छंद, म्हणजे वृत्तं, गायत्री, बृहती, उष्णिक, जगती, त्रिष्टुभ, अनुष्टुभ, पंक्ती. तुमच्या फ्रेममध्ये सूर्य कुठाय? रथ कुठाय? सारथी अरुण कुठाय? नुसते पांढरे घोडे बीचवर पळतायत, तेही मागे वळून बघत!

वास्तूवाले_काका
घोडा म्हणजे छंद. मग ही यादी नाही तर काय आहे हो? माईंनी केली की गाईड, तुम्ही केली की विद्वत्ता!

ऐरोलीची_माई
काका, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी सहमत 😂

कळव्याचा_ब्रश
माझं ऐका, मी कला महाविद्यालयात असताना रात्री तीनला उठून एक मासा काढला, पोटात कंदील असलेला. का, माहीत नाही. सरांनी अर्थ विचारला, मार्क हवे होते, ठोकून दिलं 'मत्स्यावतार, अंधारातलं ज्ञान'. पहिला आलो. आंद्रे ब्रेतों ह्या फ्रेंच कवीने 1924 ला अतिवास्तववादाचा (सर्रिअ‍ॅलिझमचा) जाहीरनामा लिहिला तो ह्याच्यासाठीच ना, मनाला आधी येऊ द्या म्हणून. पण खरं सांगू, आता तो मासा बघितला की मलाही मत्स्यावतारच दिसतो. खोटं बोललो ते चिकटलं.

नौपाड्याचा_नाना
काकांचा मुद्दा लागला, लिहून ठेवतो, वर्षातून एकदाच होतं असं. पण माईंच्या जिन्याला मी हसलो नव्हतो. यादीत 'चक्रं' लिहिण्याऐवजी ते अर्धा तास उभं राहणं लिहिलं असतंत तर मी हा धागाच काढला नसता.

ऐरोलीची_माई
ते अनोळखी लोकांत कसं लिहिणार? चक्रं लिहिता येतात.

खाडीकाठचा
भरावाचं कुणी बोलणार आहे का?

नौपाड्याचा_नाना
रविवारी शेवटचा दिवस आहे प्रदर्शनाचा. चष्मा घेऊन जातो. प्रतिबिंब निघालं तर इथे येऊन सांगेन, मोठ्या अक्षरात नाही.

घोडबंदर_ग्रस्त
मी पण येतो. दोन फ्रेम गाडीत टाकून आणू का, काका?