पाच दिवसांचं परदेश: एक शहर की तीन?

खिडकीची_जागा

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मित्राने परवा एक माहितीपत्रक पुढ्यात टाकलं. 'बँकॉक-पट्टाया, 4 रात्री 5 दिवस'. बघ म्हणाला, कसं वाटतंय. मी पेन घेऊन तास मोजायला बसलो आणि दोघांचाही चहा गार झाला. हा धागा त्यातूनच निघाला.

हिशेब ऐका. मुंबईहून रात्रीचं विमान, साधारण साडेचार तास. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे आपल्या शरीरात पहाटेचे साडेपाच वाजलेले असताना तिथे सकाळचे सात. झोप झालेली असते दोन तास, तीही मान वाकडी करून. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार. तोवर काय, तर बसने दीडेकशे किलोमीटरवर पट्टाया. संध्याकाळी शो. दुसरा दिवस को लान बेट, ज्याला आपल्याकडे सगळे 'कोरल आयलंड' म्हणतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा बॅगा भरा, बँकॉकला परत या, वाटेत रत्नांच्या दुकानात थांबा. चौथ्या दिवशी अर्धा दिवस देवळं, अर्धा दिवस खरेदी. पाचव्या दिवशी नाश्ता आणि विमानतळ. एवढ्या सगळ्यात बँकॉकच्या वाट्याला आले जेमतेम आठ तास, आणि नाव मात्र त्याचं पहिलं.

माझं म्हणणं: सुट्टी पाच-सहा दिवसांची असेल तर शहर एकच धरा, हॉटेल एकच धरा, आणि व्हिसाच्या भानगडी नसतील असा देश निवडा. बाकीचं पुढच्या वेळी.

आम्ही गेल्या वर्षी बँकॉकला असंच केलं. मी, बायको आणि आई. 2025 साली 15 ऑगस्ट शुक्रवारी आला होता, पुढे गोपाळकाला शनिवारी, मग रविवार. सोमवार-मंगळवार अशा दोनच रजा टाकल्या. 14 तारखेच्या रात्री निघालो, पण हॉटेल 14 तारखेपासूनच बुक केलं आणि पहाटे येतोय असं त्यांना मेलवर कळवून ठेवलं. एका रात्रीचे पैसे 'फुकट' गेले म्हणा हवं तर. सकाळी साडेआठला आई आंघोळ करून पलंगावर आडवी होती, मला त्यात सगळं आलं.

मग रोज एकच ठिकाण. एक दिवस अयुथया, म्हणजे थायलंडची जुनी राजधानी, साध्या रेल्वेने, तिसऱ्या वर्गाने, माणशी पन्नास-साठ रुपयांत. तिथे वाट महाथातला (थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ) झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढताना आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर जाऊ नये म्हणून बसायला सांगतात. एक दिवस वाट फो. 46 मीटरचा पहुडलेला बुद्ध सगळेच बघतात, पण त्याच्या पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत 108 वाट्या मांडलेल्या आहेत. सुटी नाणी विकत घ्यायची आणि एकेका वाटीत टाकत जायचं. शंभर माणसं एकाच वेळी टाकत असतात, त्यामुळे देवळात सतत टिण टिण चालू. आईने आकडा ऐकला आणि जपच सुरू केला, एका नाण्याला एक नाव. पाऊण तास लागला. मागे झेंडीवाला गाईड उभा असता तर सातव्या वाटीवरच हाक आली असती.

तिघांचा एकूण खर्च दीड लाखाच्या जरा आत. बोला.

बारा_डबा

बोलतो. डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्याला तास मोजायला शिकवू नका, आमचं आयुष्यच त्यात जातं. 😄

तुमच्या लेखातलं 'बाकीचं पुढच्या वेळी' मला बोचलं. पुढची वेळ असते कुणाला? माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं गिरणीत आणि मग एका सोसायटीत नोकरी केली, विमानात एकदाही बसले नाहीत. त्यांना नेतोय ते एकदाच नेणार. त्यांना समुद्रातलं बेट दाखवायचंय, पॅराशूट दाखवायचंय, रात्रीचे दिवे दाखवायचेत, सोन्याचा बुद्ध दाखवायचाय. एका शहरात 'निवांत' बसायचं तर आमच्या गॅलरीतही बसता येतं. परत आल्यावर चाळीतल्या मित्रांना सांगायला चार ठिकाणांची नावं हवीत की नकोत? तुम्ही दर दोन वर्षांनी जाणार, म्हणून तुम्हाला तीन शहरं म्हणजे पोरखेळ वाटतो.

कोकणी_माणूस

दीड लाखात तिघांनी दापोलीला किती वेळा जाऊन मासे खाल्ले असते याचा हिशेब कुणी मांडेल का?

खिडकीची_जागा

@कोकणी_माणूस, तुमचा धागा वेगळा काढा, तिथे येऊन सुरमईवर भांडू. लाँग वीकेंडला समुद्राकाठच्या बऱ्या रिसॉर्टचा दर विचारून मग या मात्र.

@बारा_डबा, वडिलांसाठीच सांगतोय हो. पहिल्यांदा विमानात बसलेला सत्तरीचा माणूस रात्रभर जागून उतरतो आणि त्याला खोलीशिवाय सात-आठ तास बसमध्ये फिरवायचं?

लाल_झेंडी

मी अकरा वर्षं टूर मॅनेजर होते, त्यातली सहा थायलंड-मलेशियावर. झेंडीवाला गाईड म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

रत्नांचं दुकान का येतं ते आधी सांगते. स्वस्त पॅकेजमध्ये तिकडचा स्थानिक ऑपरेटर, ज्याला आम्ही डीएमसी म्हणतो, तो बस, गाईड, प्रवेश फी हे सगळं जवळजवळ तोट्यात देतो. तो तोटा दुकानं भरून काढतात. किती पॅक्स, म्हणजे प्रवासी, दुकानात आत गेले यावर काही ठिकाणी पैसे ठरतात, काही ठिकाणी विक्रीवर. म्हणजे तुमचे ते दोन तास हा तिकिटाचाच एक भाग असतो, फक्त तो माहितीपत्रकात रुपयांत लिहिलेला नसतो. ज्याला नको त्याने बुकिंग करताना 'नो शॉपिंग स्टॉप' मागायचं. दर वाढतो, पण मिळतं. दुसरं विचारायचं ते 'एसआयसी' की 'प्रायव्हेट'. एसआयसी म्हणजे सीट इन कोच, अनोळखी लोकांच्या बसमध्ये तुमची एक जागा. पाच हॉटेलांवर थांबत थांबत माणसं गोळा करण्यातच सकाळ जाते. नव्वद टक्के भांडणं ही अक्षरं न विचारल्यामुळे होतात. (टक्के माझ्या डोक्यातले, फाइलमधले नाहीत.)

आता खिडकीवाल्यांना एक प्रश्न. तुमचं परतीचं विमान 19 ऑगस्टच्या रात्रीचं होतं ना? त्या दिवशी मुंबईत काय पाऊस झाला ते सगळ्यांना आठवतंय, संध्याकाळी मोनोरेल गच्च भरून अडकली तोच दिवस. तुम्ही त्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीत. का बरं?

खिडकीची_जागा

पकडलंत. 😅

विमान पाच तास उशिरा सुटलं. सुवर्णभूमीवर, म्हणजे बँकॉकच्या विमानतळावर, आईला खुर्चीत बसवून मी काउंटर ते काउंटर फिरत होतो, आमच्या एअरलाइनच्या माणसाला विमान कधी ते माहीत नव्हतं आणि जेवणाचं कुपन कुठे मिळतं तेही. शेजारी एका मराठी ग्रुपची तीस माणसं होती. त्यांचा मॅनेजर फोनवर कुणाशी तरी बोलला आणि वीस मिनिटांत त्यांच्या हातात डबे आले. त्यातल्या एका काकूंनी आईला अर्धी पोळी आणि बटाट्याची भाजी दिली. ते मी लिहायला हवं होतं, खरं आहे.

तरी मत तेच. पाच तासांच्या खोळंब्यासाठी पाच दिवस झेंडीमागे चालणार नाही.

निवृत्त_मास्तर

चर्चा बँकॉकभोवतीच फिरते आहे. 'व्हिसाच्या भानगडी नसतील असा देश' या वाक्याला माझी हरकत आहे.

आम्ही उभयता मे 2025 मध्ये युरोपला गेलो. आठ रात्री, चार देश, ग्रुप टूर. माझं वय 71, हिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याची फी 90 युरो, ती जून 2024 पासूनची. विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, हे लोकांना ठाऊक नसतं आणि मार्चमध्ये धावाधाव करतात. आम्ही डिसेंबरातच अर्ज दिला. बोटांचे ठसे एकदा दिले की 59 महिने पुन्हा वापरता येतात. भानगड म्हणतात ती एवढीच. बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनची कागदपत्रं, मुलाचं पत्र, आणि एका सकाळी रांग. चाळीस वर्षं शाळेची दप्तरं सांभाळलेल्या माणसाला हे जड नाही.

टूरवाल्यांनी 4,60,000 वर 23,000 टीसीएस, म्हणजे आगाऊ कापून घेतलेला आयकर, घेतला तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणाले, गेले पैसे. गेले नाहीत. 26 एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-उताऱ्यात, आकडा दिसला, विवरणपत्रात दाखवला, आमचा कर तेवढा नव्हताच, म्हणून परतावा खात्यात आला. टीसीएसचा दर प्रत्येक वर्षी बदलू शकतो, बुकिंगच्या दिवशी विचारावा.

राहता राहिलं एक शहर की चार. अहो, तुमच्या आईसाहेबांना पुन्हा नेण्याची ताकद तुमच्यात आहे. मला डॉक्टर पुढच्या वर्षी परवानगी देतील की नाही मला माहीत नाही. बसच्या काचेतून आल्प्स पाहिला तर तो पाहिला नाही असं कोण म्हणतं? मी दीड तास काचेला नाक लावून होतो. हिने मागून शाल टाकली, तेव्हा कळलं की मला थंडी वाजते आहे.

बारा_डबा

मास्तर, साष्टांग. 🙏

पनीर_नको

मास्तरांचा मुद्दा पटला, तरी मी खिडकीवाल्यांच्या बाजूने. कारण पोट. आम्ही शाकाहारी. ग्रुपमध्ये तीन रात्री सलग 'इंडियन डिनर', म्हणजे पनीर, पिवळी डाळ, गुलाबजाम. तेच पनीर ठाण्यात घोडबंदरला मिळतं.

बँकॉकमध्ये स्वतः फिरताना एक युक्ती: पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की तिथे 'जे' जेवण असतं. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. आमच्या सासूबाई चातुर्मासात गेल्या आणि त्यांचा नियम मोडला नाही! नुसतं 'व्हेज' म्हणाल तर भाजीत नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडायची शक्यता असतेच.

पैशांचंही सांगते. एटीएममधून दर वेळी काढताना दोनशेहून जास्त बाट (थाई चलन) तिथली बँक कापून घेते, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढावी. आणि कार्ड घासताना मशीन विचारतं 'रुपयांत की बाटमध्ये'. रुपये बघून बरं वाटतं, पण बाटच निवडायचं. रुपये निवडले की दर त्या मशीनवाल्याचा लागतो.

लाल_झेंडी

'जे'ची टीप सोन्यासारखी. आमच्याकडे हे सांगत नाहीत, कारण सांगितलं तर इंडियन रेस्टॉरंटचं बुकिंग कोण भरणार. 😏

एक जोडते. 1 मे 2025 पासून थायलंडला उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, टीडीएसी. ते सरकारी साइटवर फुकट आहे. गुगलवर वरच येणाऱ्या काही साइट त्याचे पैसे मागतात. भारतीयांना तिथे नोव्हेंबर 2023 पासून व्हिसा माफ झाला, पण ती माफी आणि राहता येण्याचे दिवस बदलू शकतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर नजर टाका. मलेशियानेही डिसेंबर 2023 मध्ये तसंच केलं. व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो, पण घरबसल्या होतो.

खिडकीची_जागा

मास्तर, तुमच्या काचेला लावलेल्या नाकापुढे माझा तासांचा हिशेब थोडा लंगडा पडला, मान्य. पण तुम्ही आठ रात्री गेलात, चार नव्हे. आणि सहा महिने आधी कागद जमवलेत. माझा मित्र पुढच्या महिन्यात निघायचं म्हणतोय. त्याने आज शेंगेनचा अर्ज दिला तर पासपोर्ट तिकडे अडकेल आणि सुट्टी इकडे संपेल.

@बारा_डबा, मधला मार्ग काढू का? पट्टायाला राहू नका. बँकॉकमध्येच चार रात्री राहा, एक दिवस पहाटे गाडी करून समुद्र दाखवून रात्री परत या. वडिलांना बेट मिळेल, बॅगा एकदाच उघडाव्या लागतील.

कोकणी_माणूस

समुद्र बघायला चार तास गाडीत. दापोली!

बारा_डबा

खिडकीवाले, काल रात्री बाबांनाच विचारलं. म्हणाले, "पट्टाया वगैरे मला कळत नाही. सावंत जाऊन आले तिथे मला जायचंय." सावंत म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, त्यांच्या हॉलमध्ये बेटावरचा फोटो लटकतोय सहा वर्षं. तेव्हा ग्रुप टूरच, आणि बेट आहेच. पण पहाटेच्या खोलीचे पैसे वेगळे भरतोय, एजंटला सांगितलं, तो आधी हसला. 'नो शॉपिंग स्टॉप'ही विचारलं, तेव्हा हसायचा थांबला.

आता नवीनच प्रकरण. बुकिंगला पासपोर्ट काढले तर बाबांच्या पासपोर्टची मुदत संपायला चारच महिने राहिलेत. एजंट म्हणतो सहा महिने शिल्लक हवेत, नाहीतर काउंटरवरच अडवतात. कधी काळी आत्याकडे दुबईला जायचं म्हणून काढला होता, कोरा करकरीत, एकही शिक्का नाही. शनिवारी अर्धा दिवस टाकून नूतनीकरणाचा फॉर्म भरायला बसतोय. जुना पत्ता चाळीचा आहे आणि चाळ पुनर्विकासात गेली, तर पत्त्याचा पुरावा काय जोडायचा, कुणाला अनुभव आहे का?