'कोड्स' चूक, मग 'बग्ज' कसं चालतं?

सेमीकोलन_विसरलो:
काल क्लायंटला मेल लिहिला की सगळे 'कोड्स' पुश केलेत, 'फीडबॅक्स' कळवा आणि सर्व्हरवर दोन 'सॉफ्टवेअर्स' टाकायची राहिलीयेत. टीम लीडने तीन शब्द लाल करून परत पाठवला, म्हणे शेवटचा एस काढ. काढला. पण बग्ज, कमिट्स, फाइल्स सगळं चालतं, मग कोडनेच काय घोडं मारलंय? काही नियम आहे की नुसतं पाठ करायचं?

जिरावन_जास्त:
भिया, इंदुरात राहून हे विचारतोस? घरी आई म्हणते 'पोहे झालेत, खाऊन घे' आणि छप्पन दुकानवर तेच 'पोहा बढिया बना है'. बशी तीच, मराठीत अनेकवचन, हिंदीत एकवचन. माझा मुलगा तर घरीपण 'पोहा खाल्ला' म्हणतो, आजी दर वेळी टोकते. मोजायचं की नाही हे त्या त्या भाषेची मर्जी. इंग्रजीत प्रोग्रामरचा कोड म्हणजे भात, शितं असतात पण 'तीन भात' नाही म्हणत, मोजायच्या त्या ओळी नाहीतर फाइल्स. ओटीपीचे, एररचे कोड्स मात्र बिनधास्त लिही, ते सुटे आकडे.

गल्ली_सियागंज:
सॉफ्टवेअरचं मूळ हार्डवेअरमध्ये आहे. कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून हार्डवेअर म्हणजे लोखंडी सामान, दुकानात जाऊन कोणी 'तीन हार्डवेअर द्या' म्हणतं का, खिळे मागतो, बिजागऱ्या मागतो. जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५८ च्या लेखात सॉफ्टवेअर लिहिलं तेही हार्डवेअरच्या जोडीनेच, म्हणून व्याकरणपण सामानाचंच. तू 'दोन टूल्स' लिही. मी दोन वर्षं सॉफ्टवेअर्स लिहीत होतो, कोणी मेलं नाही.

फोर्ट्रानकाका:
थांबा, कोड्स सरसकट चूक नाही. आम्ही फिजिक्सवाले, आमच्यात सिम्युलेशनचा अख्खा प्रोग्राम म्हणजे 'अ कोड', दोन प्रोग्रामचे निकाल ताडून पाहिले की 'टू कोड्स', पेपरांत सर्रास छापतात. डेटाचंही तसंच, शास्त्राच्या पेपरात अजून 'डेटा आर' दिसतं, तुमच्या ऑफिसात 'डेटा इज', आणि डेटम हे बिचारं एकवचन कोणी विचारत नाही. तुझा लीड वेबवाला ना, मग तिथे त्याचंच ऐक.

सेमीकोलन_विसरलो:
आणि फीडबॅक?

जिरावन_जास्त:
तोही भात. 'कमेंट्स' लिही, मोकळा हो.

सेमीकोलन_विसरलो:
पण हाच लीड रोज कँटीनमध्ये 'टू कॉफीज' म्हणतो, ते?

जिरावन_जास्त:
कप मोजतोय तो. तू 'दोन चहा' म्हणतोसच ना?