शब्द हवाय: हायड्रोसेफॅलस, आणि तो एसएमएच्या संदर्भात घरच्यांना कसा सांगायचा

घोडबंदरची मावशी
माझ्या भाचीला एसएमए आहे, म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, स्नायू दुबळे होत जाणारा जनुकीय आजार, त्यातला टाइप २, ज्यात मूल बसतं पण स्वतःहून चालत नाही; ऐरोलीला असते, आता दीड वर्षाची होईल. दिवसभर तिच्यापाशी आजी असते म्हणजे माझी आई, आणि आईला मराठीत एक पानभर लिहून द्यायचंय की एसएमए असलेल्यांमध्ये हायड्रोसेफॅलस होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसलीय तेव्हा कशाकशाकडे लक्ष ठेवायचं. कोशात 'जलशीर्ष' मिळतो. जलोदर जसा पोटात पाणी तसा जलशीर्ष डोक्यात पाणी, मूळ ग्रीक शब्दातही पाणी आणि डोकंच आहे, म्हणजे भाषांतर अगदी नेमकं आहे. पण आईला म्हणून दाखवला तर ती म्हणाली हे कुठलं तीर्थ. मला असा शब्द हवाय जो ऐकून बाई मुलीच्या डोक्याकडे बघेल. बोलीत काय म्हणता तुम्ही लोक?

नेरूळ सेक्टर सहा
आमच्याकडे सरळ 'डोक्यात पाणी झालंय' म्हणतात. वॉर्डात, रिक्षात, शेजारी सगळीकडे हेच.

कळवेकर
ताई त्या पाण्याने घोळ होतो हां. आमच्या नात्यात एका बाळाला झालेलं तर घरातल्यांनी त्याला पाणी पाजायचं कमी केलं, केस ओले ठेवू नका, आंघोळ लवकर उरका असं सगळं सुरू झालं, कारण पाणी म्हटलं की माणूस बाहेरून आत गेलेलं पाणीच धरतो.

घोडबंदरची मावशी
दादा हे फार कामाचं सांगितलंत, हे पानावर सगळ्यात वर जाणार. ते पाणी मेंदू स्वतःच तयार करतो, मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि एका वेळी आत असतं जेमतेम दीडशे मिलीलिटर, म्हणजे दिवसातून तीनेकदा सगळं नवं होतं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमधून ते फिरतं, मेंदू आणि मज्जारज्जूच्या भोवतीने जातं आणि शेवटी रक्तात शोषलं जातं. पिण्याच्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. 'मस्तिष्कमेरुद्रव' हा शब्द डॉक्टरांच्या कागदावर ठीक आहे, घरात मी 'मेंदूचं पाणी' म्हणणार, आणि 'झालं' ऐवजी 'साचलं'. पाणी तिथे असतंच, असायलाच हवं, ते साचलं हा आजार आहे.

वाशीतला फिजिओ
'साचलं' एकदम बरोबर. आता दुसरा शब्द बघा ज्याने पालक जास्त घाबरतात, रिपोर्टात लिहिलेलं 'कम्युनिकेटिंग हायड्रोसेफॅलस'. माझ्याकडे येणाऱ्या आयांना तो कम्युनिकेबल वाटतो, म्हणजे साथीचा, लागणारा, मग भावंडाला वेगळं झोपवतात. त्याचा अर्थ एवढाच की मेंदूतल्या पोकळ्या एकमेकींना नीट जोडलेल्या आहेत, आतली वाट कुठे अडलेली नाही, तरी पाणी साचतंय कारण बहुतेक वेळा शेवटी ते शोषलं जात नाही. आपल्या नवी मुंबईतल्या होल्डिंग पाँडचं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तलावांचं उदाहरण मी देतो, सगळे नाले साफ असतात पण भरतीला खाडीकडचं दार मिटलेलं असलं की पाणी आतच चढत जातं. दुसरा प्रकार म्हणजे नालाच मधे तुंबलेला. मराठीत मी 'वाट मोकळी असून साचलेलं' आणि 'वाट अडून साचलेलं' असं सांगतो, लांब आहे पण चुकीचं कुणी समजत नाही.

नेरूळ सेक्टर सहा
हे एसएमएवरच्या त्या पाठीत द्यायच्या औषधामुळे होतं असं ऐकलंय, खरं का?

घोडबंदरची मावशी
इथे 'मुळे' हा एकच प्रत्यय सगळा घोटाळा करतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. न्युसिनर्सेन, म्हणजे स्पिनरॅझा, अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालं, ते कमरेतून मणक्याच्या पोकळीत देतात, म्हणजे ह्याच पाण्यात. जुलै २०१८ मध्ये कंपनीने डॉक्टरांना पत्र पाठवून कळवलं की ते घेणाऱ्या पाच जणांना, त्यात मुलं पण होती, पाणी साचल्याचं आढळलं आणि त्याला मेंदूज्वर किंवा रक्तस्राव हे कारण नव्हतं, प्रकार हाच वाट मोकळी असलेला. मग साहजिक प्रश्न आला की औषधामुळे की आजारामुळे, तेव्हा अमेरिकेतले औषध येण्याआधीचे दवाखान्यांचे रेकॉर्ड काढून एसएमए असलेल्यांची नसलेल्यांशी तुलना केली गेली, आणि औषध नव्हतं तेव्हाही एसएमए असलेल्यांत हे जास्त होतं. ह्याने औषध निर्दोष सुटलं असं नाही, माहितीपत्रकात इशारा आहेच. पण 'औषधामुळे झालं' हे वाक्य म्हणता येत नाही, आणि 'एसएमएमुळे होतं' हेही तितकंच ठामपणे म्हणता येत नाही, कारण दोघांना जोडणारा धागा नेमका कुठला ते सिद्ध झालेलं नाही. म्हणून मी लिहिणार 'एसएमए असलेल्यांमध्ये जास्त आढळतं'. 'आढळतं' हा शब्द प्रामाणिक आहे. 'मुळे' ऐकून एखाद्या आईने चालू औषध स्वतःच बंद केलं तर केवढं नुकसान होईल, मुलाची गेलेली ताकद तशीच परत मिळत नाही हो.

कळवेकर
आणि 'धोका' लिहिणार की 'जोखीम'?

घोडबंदरची मावशी
जोखीम ऐकलं की विम्याचा हप्ता आठवतो. आणि 'धोका जास्त' म्हटलं की आई रात्रभर झोपणार नाही, तिला वाटेल आता होणारच. 'शक्यता इतरांपेक्षा जास्त, तरी बहुतेक मुलांना होत नाही' असं दोन्ही एकाच वाक्यात लिहायचं, अर्धं वाक्य लिहिणं मला पटत नाही.

वाशीतला फिजिओ
एसएमएला काय लिहिताय? 'स्नायूक्षय' लिहू नका प्लीज, क्षय वाचून लोक टीबी समजतात, आणि 'मणक्याचा आजार' लिहिलं तर कुणीतरी मणके बसवणाऱ्याकडे चोळायला नेतं. हाडाचा विषयच नाही, मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी जातात, बुद्धी शाबूत असते.
आणि बुद्धीवरूनच एक महत्त्वाचं. एसएमएचं मूल आधीच अंगाने सैल, बरेचदा मान नीट धरत नाही, दूध ओढताना दमतं, त्यामुळे पाणी साचल्यावर जी मरगळ येते ती 'हिचा आजारच तसा' म्हणून सुटून जाते. ही मुलं नजरेने फार जागी असतात, तुमच्या मागे मागे बघत राहतात. ती नजर मंदावली, मूल पेंगुळलेलं राहायला लागलं, तर तो एसएमए नाही, लगेच दाखवायचं. हे वाक्य ठळक करा.

घोडबंदरची मावशी
करते. खुणांचे शब्द मात्र आपल्या बायकांकडे आधीच आहेत, हे मला फार आवडलं. 'टाळू' घ्या, टाळू भरणं म्हणजे तेल घालणं, टाळू उडते, टाळू अजून भरून आली नाही, हे सगळं आईच्या रोजच्या हाताखालचं आहे, तिला नवं काही शिकवायचं नाही. फक्त ती 'टाळू भरली' असं म्हणाली तर तेल घातलं की टाळू वर आली ते कळायचं नाही, म्हणून पानावर 'फुगली' लिहिते. आणि 'डोकं मोठं' नाही लिहीत, मोठ्या डोक्याचं पोर ही शिवी आहे, 'डोक्याचा घेर' लिहिते, तो टेपने मोजता येतो आणि वहीत मांडता येतो.

कळवेकर
मग साचलेलं पाणी काढायला बसवतात त्या नळीला काय, शंट?

घोडबंदरची मावशी
शंटच, 'नळी' म्हटलं की नाकातली वाटते आणि एसएमएच्या घरात ती कधीकधी असतेच. 'मेंदूचं जास्तीचं पाणी पोटात उतरवणारा शंट' एवढं पुरे.
आईच्या पानाचा मजकूर आता असा झालाय:
"मेंदूचं पाणी साचणं हे एसएमए असलेल्यांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतं, तरी बहुतेक मुलांना होत नाही. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पाणी पाजणं कमी करायचं नाही. बसवलेलं असताना, रडत नसताना टाळू फुगलेली वाटली, डोक्याचा घेर भराभर वाढला, उलट्या थांबेनात, मूल सारखं किरकिरलं, बुबुळं खाली गेल्यासारखी दिसली, किंवा नेहमीची जागी नजर मंदावली तर त्याच दिवशी डॉक्टर. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही."
'बुबुळं खाली गेल्यासारखी' ह्याला तुमच्याकडे बायका कुठला शब्द वापरतात का? असेल तर सांगा, प्रिंट उद्या काढतेय.